जॉर्ज ऑर्वेल : लंडनहून हिंदुस्थानशी बोलणारा लेखक

आपल्या मुलानातवंडांच्या दप्तरात 'ॲनिमल फार्म' हे छोटेसे पुस्तक बहुतेक वाचकांनी पाहिले असेल. त्याचे लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी दोन वर्षे लंडनहून हिंदुस्थानासाठी नभोवाणीचे काम केले, आणि त्यांनी इंग्रजीत लिहिलेली बातमीपत्रे मराठीतही भाषांतरित होऊन प्रक्षेपित होत, हे मात्र आपल्यांत थोड्यांनाच ठाऊक आहे. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहोत.

त्यांचे खरे नाव एरिक आर्थर ब्लेअर. जन्म २५ जून १९०३ रोजी बिहारातील मोतिहारी येथे झाला. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीस होते. १९०४ साली आई मुलांना घेऊन विलायतेस परतली. एरिकची छाती लहानपणापासून नाजूक होती. ईटनचे शिक्षण संपवून ते १९२२ साली ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी झाले. परंतु परक्यांवर हुकमत गाजविण्याचा वीट येऊन पाच वर्षांनी त्यांनी नोकरी सोडली आणि लेखनाचा, म्हणजे गरिबीचा, मार्ग धरला.

१९३७ साली स्पेनच्या यादवी युद्धात लढताना एक गोळी त्यांच्या गळ्यातून आरपार गेली. जीव वाचला, पण आवाज क्षीण झाला. पुढच्याच वर्षी फुफ्फुसातून रक्त पडल्याने त्यांना केंट परगण्यातील आरोग्यधामात कित्येक महिने काढावे लागले. महायुद्ध सुरू झाले तेव्हा प्रकृतीमुळे लष्कराने त्यांना घेतले नाही.

ऑगस्ट १९४१ मध्ये ते बी.बी.सी.च्या पूर्वेकडील विभागात रुजू झाले. हिंदुस्थानातील विद्यार्थ्यांसाठी साहित्य व विज्ञान यांवरील व्याख्याने योजणे आणि दर आठवड्याची युद्धवार्ता लिहिणे हे त्यांचे काम. मुल्कराज आनंद, तसेच कोल्हापूरकडच्या वेणू चितळे त्यांच्या कार्यक्रमांत भाग घेत. वेणूताई पुढे इंग्रजी कादंबरीकार म्हणूनही नावारूपास आल्या.

हे काम मनाला सोपे नव्हते. हिंदुस्थान स्वतंत्र व्हावा असे ऑर्वेल यांचे ठाम मत, आणि नोकरी मात्र ब्रिटिशांच्या प्रचाराची. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी व नेहरू तुरुंगात गेले, तेव्हा हा पेच अधिकच बिकट झाला. प्रत्येक मजकूर आधी तपासला जाई. प्रक्षेपण चालू असतानाही तपासनीस बटणाजवळ बसलेला असे. तरीही हिटलरचा पराभव आधी झाला पाहिजे, या विचाराने ते टिकून राहिले आणि होता होईल तो खोटे बोलणे टाळीत राहिले. त्यांचा आवाज नभोवाणीस योग्य नाही, अशी वरिष्ठांची तक्रारही झाली. ऐकणारे थोडे, श्रम वाया जात आहेत, असे वाटून त्यांनी १९४३ च्या अखेरीस नोकरी सोडली.

लगेच त्यांनी 'ॲनिमल फार्म' लिहावयास घेतले. अनेक प्रकाशकांनी परत केलेले ते पुस्तक ऑगस्ट १९४५ मध्ये निघाले. त्याआधी मार्चमध्ये पत्नी आयलीन शस्त्रक्रियेच्या वेळी वारल्या होत्या, आणि दत्तक घेतलेला रिचर्ड अद्याप एक वर्षाचाही नव्हता.

पुढे स्कॉटलंडच्या जुरा बेटावर ते नवी कादंबरी लिहीत असता क्षयाने उचल खाल्ली. १९४८ साली स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध खास अमेरिकेहून आणविले; पण ते अंगावर उठले. पुरळ आले, तोंड सोलवटले, केस गळू लागले आणि औषध बंद करावे लागले. टंकलेखिका मिळेना, म्हणून तापाने फणफणलेल्या स्थितीत त्यांनी सारी प्रत स्वतः टंकलिखित केली. 'नाइन्टीन एटी-फोर' ८ जून १९४९ रोजी प्रसिद्ध झाली आणि २१ जानेवारी १९५० रोजी, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी, लंडनच्या इस्पितळात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. मात्र बी.बी.सी.च्या लंडनमधील मुख्य इमारतीबाहेर २०१७ सालापासून त्यांचा पुतळा उभा आहे. ऑक्सफर्ड सर्कसला खरेदीस जाणाऱ्या वाचकांनी चार पावले पुढे जाऊन तो अवश्य पाहावा. सत्तेच्या भाषेत असत्य कसे शिरते, हे त्यांनी त्या कचेरीत बसून जवळून पाहिले आणि पुढे साऱ्या जगाला सांगितले. वाया गेली असे त्यांना वाटलेली ती दोन वर्षे वाया गेली नाहीत, असे आम्हांस वाटते.