हार्वे मिल्क
हार्वे मिल्क (२२ मे, १९३० - २७ नोव्हेंबर, १९७८) हे अमेरिकेच्या सॅन फ्रान्सिस्को शहरातील दुकानदार व राजकारणी होते. न्यूयॉर्क राज्यात जन्मलेल्या मिल्क यांनी १९७३ मध्ये कॅस्ट्रो रस्त्यावर कॅमेऱ्यांचे दुकान काढले. विक्रीकरापोटी १०० डॉलर अनामत मागितल्यावरून त्यांचा सरकारी अधिकाऱ्याशी खटका उडाला. त्याच वर्षी, आपली समलैंगिकता न लपवता, त्यांनी पर्यवेक्षक मंडळाची, म्हणजेच शहराच्या विधिमंडळाची, निवडणूक लढवली. ३२ उमेदवारांत ते दहावे आले. १९७५ मध्ये सहा जागांसाठी त्यांचा क्रमांक सातवा लागला. दुकान हेच प्रचाराचे कार्यालय असल्याने धंद्याकडे दुर्लक्ष होणे ओघानेच आले.

या दोन्ही वेळी मतदान संपूर्ण शहरातून होत असे. त्यामुळे कॅस्ट्रो परिसरातील त्यांचा भक्कम पाठिंबा अपुरा पडला. १९७६ मध्ये त्यांनी राज्य विधानसभेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली. महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी त्यांना परवाना अपील मंडळावर नेमले होते. या निर्णयामुळे ते पद गेले आणि आर्ट ॲग्नोस यांच्याकडून चार हजारांहून कमी मतांनी पराभवही झाला.

प्रभागवार मतदान सुरू होताच १९७७ मध्ये मिल्क पर्यवेक्षक मंडळावर निवडून आले. पुढच्याच वर्षी माजी पर्यवेक्षक डॅन व्हाइट याने नगरभवनात मॉस्कोनी आणि मिल्क यांची गोळ्या झाडून हत्या केली.