जॉन कर्वेन : गरिबांच्या मुलांचे गायनशिक्षक

देवालयात गावे कोणी? ज्यास उपजत सूर लाभला आहे व शिक्षक ठेवण्यास ज्याच्या पदरी पैसा आहे त्याने, असेच उत्तर लोक पुष्कळ काळ देत आले. इंग्लंडातील एका तरुण पाळकास ते पटेना. ते पाळक म्हणजे रेव्हरंड जॉन कर्वेन. त्यांचे अल्पचरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

कर्वेनसाहेबांचा जन्म १४ नोव्हेंबर १८१६ रोजी यॉर्कशायर परगण्यातील हेकमंडवाइक या गावी झाला. कांबळी विणणे हा त्या गावचा मोठा धंदा. वडील पाळक होते. मुलानेही तोच मार्ग धरला. लंडन शहरी शिक्षण घेऊन १८३८ साली ते बेझिंगस्टोक येथील मंडळीचे साहाय्यक पाळक झाले. मुलांस शिकविण्याची त्यांस मोठी हौस. परंतु गायनात ते अगदी कोरे होते. कागदावर लिहिलेली साधी चालही त्यांस वाचता येत नसे.

त्या काळी इंग्लंडातील गरिबांची मुले लहान वयातच गिरण्यांत व खाणींत राबत. आठवड्यात मोकळा असा एक रविवार. त्या दिवशी शब्बाथशाळेत अक्षरओळख होई व गीतेही गायिली जात. पण गाणे शिकावयाचे कसे? पाच रेघांवर ठिपके मांडून स्वर लिहिण्याची रीत मुलांस कठीण वाटे. १८४१ साली हल शहरी शब्बाथशाळांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिने गायन शिकविण्याची सर्वांत सोपी रीत शोधून काढण्याचे काम कर्वेनसाहेबांवर सोपविले. ज्यास गाता येत नाही त्यासच हे काम मिळाले! परंतु न येणाऱ्यास काय अडते, हे न येणाराच अधिक जाणतो.

ती रीत त्यांस नॉरिच शहरी सापडली. तेथे सारा ग्लोव्हर या पाळककन्येने आपल्या शाळेतील मुलांकरिता रेघा व ठिपके बाजूस ठेवून डो, रे, मी या स्वरनामांची केवळ आद्याक्षरे लिहिण्याची युक्ती योजिली होती, व १८३५ साली तिचे पुस्तकही छापिले होते. आमच्या वाचकांस हे समजण्यास जड जाणार नाही. आपला षड्ज गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे वर किंवा खाली धरिता येतो, पण सा पासून पंचम किती दूर हे ठरलेलेच असते. ग्लोव्हरबाईंचा डो तसाच होता. कर्वेनसाहेबांनी ते पुस्तक घेऊन स्वतःवरच प्रयोग केला, आणि जे वर्षानुवर्षे साधले नव्हते ते थोड्याच दिवसांत साधले.

येथे त्यांच्या हातून एक चूक झाली, ती आम्ही झाकून ठेवीत नाही. बाईंच्या पद्धतीत त्यांनी आपल्या मताने फेरफार केले व आधी अनुज्ञा न घेता ते प्रसिद्ध केले. बाईंस ते रुचले नाही. कर्वेनसाहेबांनी पत्राने आपला दोष कबूल केला. बाईंनी आपलीच मूळ पद्धती शेवटपर्यंत पसंत केली. तथापि या कार्याचा उगम कोणापासून झाला हे सांगण्यास कर्वेनसाहेब कधी चुकले नाहीत.

१८४४ साली ते लंडनच्या पूर्वेस प्लास्टो येथील मंडळीचे पाळक झाले, व तेथूनच ‘टॉनिक सोल्फा’ पद्धती देशभर पसरली. भिंतीवर स्वरांचा तक्ता टांगावा, शिक्षकाने काठीने स्वर दाखवावा व मुलांनी तो गावा, इतके ते सोपे. तक्ता नसला तरी अडू नये म्हणून १८७० साली त्यांनी हाताच्या खुणाही योजिल्या. मूठ मिटली म्हणजे डो समजावा. छापखान्यातील नेहमीच्या खिळ्यांनीच ही अक्षरे छापिता येत, म्हणून पुस्तके स्वस्त पडत. १८५७ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये या रीतीने शिकलेली सुमारे ३,००० मुले एकत्र गायिली. पुष्कळ संगीतज्ञ या अक्षरांस हसत. परंतु ही मुले गात होती, यास उत्तर काय? पुढे १८६०च्या दशकात कर्वेनसाहेबांनी पाळकपण सोडून सर्व वेळ याच कार्यास वाहिला, शिक्षकांकरिता परीक्षा ठरविल्या व विद्यालय काढिले. २६ मे १८८० रोजी ते निवर्तले.

त्यांच्यामागे हे काम थांबले नाही. मिशनरींनी ही पद्धती मादागास्कर बेटात व दक्षिण आफ्रिकेत नेली. तेथील मिशनशाळेचे एक आफ्रिकन शिक्षक, ईनोक सोंटोंगा, यांनी १८९७ साली याच अक्षरांत एक प्रार्थनागीत रचिले. गोऱ्यांच्या सत्तेखाली दडपलेल्या लोकांनी ते आपले मानिले, व १९९७ सालापासून ते दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताचा भाग झाले आहे. प्लास्टोच्या पाळकाने यॉर्कशायरच्या गिरणीतील मुलांसाठी वाट मोकळी केली, ती कोठवर पोहोचली पाहा!

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या गावच्या शब्बाथशाळेतही एखादे मूल मागच्या चटईवर मुकाट बसलेले असते. त्यास सूर नाही, असे म्हणून आपण पुढे जातो. कर्वेनसाहेबांसही सूर नव्हता. आम्हांस वाटते की त्या मुलास गळा नाही असे नसून, त्यास सोपे करून सांगणारा कोणी भेटला नाही इतकेच असावे. येत्या रविवारी त्यास पुढे बोलवा, आणि एका स्वरापासून आरंभ करा.