मिस डॉरथिया डिक्स

मिस डॉरथिया डिक्स या बाईंचा जन्म इ. स. १८०२ साली अमेरिकेतील मेन प्रांती झाला. त्या शाळा चालवीत. परंतु प्रकृती ढासळल्यामुळे त्यांस ते काम सोडावे लागले.

१८४१ च्या मार्च महिन्यात बॉस्टनजवळील ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांचा शाब्बाथ शाळेचा वर्ग घेण्यास त्या गेल्या. तेथे काही मनोरुग्ण स्त्रिया, गुन्हा नसता, विस्तवावाचून थंडीत कोंडलेल्या त्यांस आढळल्या. वेड्यांस थंडी लागत नाही, असे तेथील अधिकाऱ्याचे म्हणणे पडले. बाईंनी ते मानिले नाही. कोर्टात दाद मागून त्यांनी शेगडीची सोय करविली.

पुढे मॅसाच्युसेट्स प्रांतातील तुरुंग व गरीबखाने त्यांनी स्वतः हिंडून पाहिले. मनोरुग्ण व मतिमंद माणसे पिंजऱ्यांत, तळघरांत, साखळदंडांनी बांधलेली होती. हे सर्व त्यांनी गावांच्या नावांनिशी लिहून १८४३ साली कायदेमंडळापुढे ठेविले. तेव्हा वूस्टर येथील इस्पितळ वाढविण्याचे ठरले. १८४८ साली ट्रेंटन येथे त्यांच्याच खटपटीने नवे इस्पितळ उघडले. अशा रुग्णांकरिता सरकारी जमीन देण्याचे बिल १८५४ साली प्रेसिडेंट पिअर्स यांनी नामंजूर केले; तरी बाई खचल्या नाहीत. १८८७ साली ट्रेंटनच्या त्याच इस्पितळात त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या.

प्रिय वाचकहो, आपल्या गावी असे कोणी मागल्या खोलीत कोंडलेले असेल, तर आम्ही इतकेच विनवितो: प्रथम त्याजपाशी जाऊन बसावे, पांघरूण व अन्न पुरेसे आहे की नाही हे पाहावे, आणि मग त्यास जिल्ह्याच्या इस्पितळात न्यावे.