जगदीशचंद्रांचे घर

मोठ्या शास्त्रज्ञांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा प्रयोगशाळेपासून. त्यांची जडणघडण ज्या घरात झाली, तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. मंडळाच्या या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची यादी दरवर्षी छापली जाते, त्यांच्या मातापित्यांविषयी मात्र एक ओळही नसते. म्हणून यंदा आम्ही आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या चरित्रातील, प्रयोगशाळेच्या आधीचा भाग सांगण्याचे योजिले आहे.

जगदीशचंद्रांचा जन्म दि. ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालात झाला. हा मुलूख आता बांगलादेशात मोडतो. वडील भगवानचंद्र सरकारी अंमलदार होते. फरीदपूर येथे असताना मुलगा शाळेत घालण्याजोगा झाला. त्या काळी अंमलदाराचा मुलगा इंग्रजी शाळेत जावयाचा, हे ठरलेलेच. भगवानचंद्रांनी त्याला बंगाली पाठशाळेत बसविले. त्यांच्या हाताखालच्या माणसांची मुले इंग्रजी शाळेत आणि साहेबांचा मुलगा मात्र पाठशाळेत, असा तो उलटा प्रकार होता. जगदीशच्या एका बाजूस त्यांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे, तर दुसऱ्या बाजूस एका कोळ्याचा. कोळ्याच्या पोराकडून नदीतील जलचरांच्या गोष्टी ऐकावयाच्या आणि घरी येऊन त्यांवर प्रश्न विचारावयाचे, हा त्याचा परिपाठ झाला. हे सोबती घरी आले की जगदीशची आई, स्वतः जुन्या वळणाची असूनही, तिघांना सारखेच खाऊ घालीत असे. ज्ञातिमंडळाच्या अंकात ही गोष्ट मुद्दाम लिहावी, असे आम्हांस वाटले.

मुलाला शाळेत पोहोचविणारा माणूस कोण होता, हेही ऐकण्यासारखे आहे. भगवानचंद्रांनी पूर्वी ज्याला तुरुंगात धाडले होते, असा तो एक दरोडेखोर. सुटून आल्यावर पोटाला काम मागू लागला, तेव्हा त्यांनी त्याच्यावर आपले मूलच सोपविले. आमच्याने हे धाडस झाले नसते.

रात्री जेवणे उरकली की मुलाचे प्रश्न सुरू होत. हे असे का, ते तसे का? दिवसभराच्या कचेरीने थकलेला बाप ते सारे ऐकून घेई. उत्तर ठाऊक असेल तर देई आणि ठाऊक नसेल तर तसे मोकळेपणाने सांगे. हे वाटते तितके सोपे नाही. आम्ही उभी हयात फळ्यापुढे घालविली. मला हे येत नाही, असे वर्गात किती वेळा म्हणालो, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

पुढे वर्धमानला बदली झाली. तेथे तापाच्या साथीने अनेक मुले पोरकी झाली. त्यांच्या हाताला काम मिळावे म्हणून भगवानचंद्रांनी सुतारकाम, ओतकाम यांचे कारखाने काढले. जगदीशला तेथे मुक्त संचार होता. पुढील आयुष्यात आपली उपकरणे स्वतः रचणारा हात येथे तयार झाला, असे आम्हांस वाटते. आजची मुले शिकवणी वर्गाहून परततात ती थेट पुस्तकावर. पेचकस हाती घेतलेला मुलगा दिसला की घरचेच त्याच्यावर ओरडतात.

पुढे कलकत्त्यास सेंट झेवियर्समध्ये फादर लाफाँ यांच्यासारखा गुरू लाभला. पण घरावर संकट आले होते. लोकोपयोगी उद्योगांत पैसा घालून भगवानचंद्र कर्जात बुडाले. जगदीशने विलायतेस जाऊन सनदी नोकर व्हावे म्हटले, तर घराची सारी विवंचना मिटली असती. बापाने त्याला साफ नकार दिला. मुलाने अंमल गाजवू नये, विद्या मिळवावी, ही त्यांची इच्छा. आईचा एक मुलगा आधीच गेला होता, त्यामुळे दुसऱ्याला समुद्रापार धाडावयास तिचे मन धजेना. अखेरीस मात्र तीच आपले दागिने विकावयास तयार झाली. १८८० साली जगदीश निघाले. लंडनला वैद्यकी सुरू केली, पण ती तापाच्या दुखण्याने सोडावी लागली. मग केंब्रिजला मेहुणे आनंदमोहन यांच्या ओळखीचा उपयोग झाला.

१८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात जागा मिळाली. तेथे हिंदी प्राध्यापकाला गोऱ्यापेक्षा कमी पगार देत. जगदीशचंद्रांनी निषेध म्हणून तीन वर्षे पगारच घेतला नाही, शिकविणे मात्र एक दिवस चुकविले नाही. घरी कर्ज आणि हाती पैसा नाही, अशा दिवसांत, १८८७ साली, अबलाबाई त्या घरात आल्या. मद्रासेत वैद्यकी शिकलेली ही मुलगी. चंद्रनगरला स्वस्त घर घेऊन दोघे राहिली. पतीला होडीतून हुगळीपार सोडावयाचे आणि होडी परत आणावयाची, हे काम तिने आपल्याकडे घेतले.

अखेर सरकार नमले. मागील सारा पगार पूर्ण दराने हाती आला, तो जगदीशचंद्रांनी वडिलांच्या सावकारांना देऊन टाकला. उरलेले कर्ज पुढे काही वर्षांत फिटले. १८९५ साली कलकत्त्यात त्यांनी तारेवाचून, भिंतींआडून विद्युत्-लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली. १९१७ साली स्वतःचे संशोधन मंदिर उभारले. ते पाहावयास आईवडील नव्हते. कर्ज फिटलेले मात्र दोघांनीही पाहिले होते.