पोटमाळ्यावरचा बाहुला : युंगचे बालपण आणि सर्जनविचार

मराठी समीक्षेत कार्ल गुस्ताव्ह युंग (१८७५-१९६१) याचे नाव येते ते प्रामुख्याने आदिबंध आणि सामूहिक नेणीव या दोन संकल्पनांच्या संदर्भात. पुराणकथा, किमयागारांचे ग्रंथ आणि मनोरुग्णांची स्वप्ने यांच्या तौलनिक अभ्यासातून त्याने या संकल्पना सिद्ध केल्या, एवढे सांगून बहुधा विषय संपविला जातो. या संकल्पनांच्या वाटेवर एका एकाकी मुलाचा खेळ आहे आणि तो खेळ सांगणारा मनुष्य ऐंशी ओलांडलेला आहे, या दोन्ही गोष्टींकडे त्यामुळे दुर्लक्ष होते. कलाकृतीचा उलगडा कलावंताच्या बालपणातून करण्यास युंगने ठाम विरोध केला. त्याच युंगने स्वतःच्या विचाराचा उगम मात्र बालपणात दाखविला. त्याच्या चरित्राचा विचार करताना ही विसंगती टाळता येत नाही.

युंगचा जन्म २६ जुलै १८७५ रोजी स्वित्झर्लंडमधील केसविल या कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या खेड्यात झाला. वडील पॉल युंग हे प्रॉटेस्टंट पंथाच्या चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. तरुणपणी त्यांनी पौर्वात्य भाषांत डॉक्टरेट मिळविली होती. पुढे ते खेड्यातील चर्चच्या नित्यकर्मात अडकले आणि त्यांची श्रद्धा आतून पोकळ होत गेली. युंग सहा महिन्यांचा असताना कुटुंब ऱ्हाइन नदीच्या धबधब्याजवळील लाउफेन येथे आले आणि १८७९ मध्ये बाझलजवळच्या क्लाइनह्युनिंगेन येथे स्थिरावले. आई एमिली प्राइसवेर्क हिच्यात मुलाला दोन स्त्रिया दिसत. दिवसाची आई गप्पिष्ट, मायाळू; रात्रीची गूढ आणि भीतिदायक. तो तीन वर्षांचा असताना ती काही महिने बाझलच्या रुग्णालयात होती. या विरहानंतर प्रेम या शब्दाविषयी आपल्या मनात दीर्घकाळ अविश्वास राहिला, असे त्याने पुढे नोंदविले. वडिलांविषयी विश्वास होता, पण त्या विश्वासाला दुबळेपणाची जाणीव चिकटलेली होती. बहीण जन्मली ती तो नऊ वर्षांचा झाल्यावर. तोवर तो एकटाच खेळला आणि कोणी पाहत असलेले त्याला खपत नसे.

तीन-चार वर्षांच्या वयात पडलेले एक स्वप्न त्याने आयुष्यभर जपले. कुरणातील दगडी विवरातून तो भूमीखाली उतरतो. तेथे सुवर्णाच्या सिंहासनावर मांसाचा एक प्रचंड स्तंभ उभा असतो आणि त्याच्या माथ्यावर एकच डोळा असतो. पासष्ट वर्षांचा होईपर्यंत हे स्वप्न त्याने कोणालाही सांगितले नाही. बालमनात गुपित या गोष्टीला किती मोठे स्थान असते, याचा हा पहिला दाखला. पुढे बागेतील एका दगडावर बसून तो स्वतःशीच एक कोडे घालीत असे : दगडावर बसलेला तो मी, की ज्याच्यावर कोणी बसले आहे तो दगड मी? तत्त्वज्ञानाची परिभाषा न लाभलेल्या मुलाचा हा ‘मी’विषयीचा प्रश्न होता.

गुपिताने मूर्त रूप घेतले ते दहाव्या वर्षी. त्याच्या पिवळ्या पेन्सिलपेटीत एक फूटपट्टी होती. तिच्या टोकाला त्याने लांब डगला, उंच टोपी आणि चकचकीत बूट घातलेला दोन इंचांचा बाहुला कोरला, शाईने काळा केला आणि करवतीने कापून वेगळा केला. पेटीत त्याच्यासाठी बिछाना केला, लोकरीच्या तुकड्याचा कोट शिवला. ऱ्हाइनच्या पात्रातील एक गुळगुळीत, लांबट, काळसर दगड रंगवून त्याचे वरचा व खालचा असे दोन भाग केले आणि तो बाहुल्याजवळ ठेवला. ही पेटी त्याने घराच्या पोटमाळ्यावर, जेथे जाण्यास मनाई होती तेथे, एका तुळईवर लपविली. शाळेत अपमान झाला, वडिलांची चिडचिड किंवा आईचे आजारपण असह्य झाले, की हा मुलगा गुपचूप वर जाई. कधी स्वतः शोधलेल्या गुप्त लिपीत लिहिलेली कागदाची सुरळी तो बाहुल्यासाठी पेटीत ठेवी. हे सुमारे वर्षभर चालले. येथे मूर्ती आहे, गाभारा आहे, नैवेद्य आहे आणि लिपीही आहे; नाही तो फक्त अर्थ. आपण हे का करतो, हे त्या मुलाला ठाऊक नव्हते आणि तसा प्रश्नही त्याला पडला नाही. युंगच्या पुढील सर्जनविचाराचे मर्म या क्रमात आहे : कृती आधी येते, अर्थ नंतर, आणि कित्येकदा फार नंतर.

१८८७ मध्ये बाझलच्या कॅथीड्रलसमोरील चौकात एका मुलाने ढकलल्यामुळे तो पडला. डोक्याला मार बसला आणि शाळेचा विषय निघाला की त्याला मूर्च्छा येऊ लागली. सहा महिन्यांहून अधिक काळ शाळा बुडाली. हा मुलगा पोट कसे भरणार, ही वडिलांची चिंता एक दिवस कानावर पडली, तेव्हा तो उठला आणि निग्रहाने अभ्यासाला लागला, मूर्च्छा थांबल्या. मनोविकार म्हणजे काय ते आपण तेव्हा शिकलो, असे त्याचे म्हणणे होते. आपल्यात दोन व्यक्ती आहेत, एक शाळकरी मुलगा आणि दुसरा अठराव्या शतकातील कोणी वृद्ध, असे त्याला याच सुमारास वाटू लागले.

त्यानंतरचा प्रवास परिचित आहे. बाझलला वैद्यकाचे शिक्षण, १९०० च्या अखेरीस झुरिकच्या बुर्गहोल्त्सली रुग्णालयात ऑयगेन ब्लॉयलरच्या हाताखाली नेमणूक, १९०७ मध्ये व्हिएन्नात फ्रॉइडची भेट, १९१३ च्या आरंभी संबंधविच्छेद. लेखक आणि दिवास्वप्न यांविषयीच्या १९०८ च्या निबंधात फ्रॉइडने साहित्यनिर्मितीला बालपणीच्या खेळाचा प्रौढ पर्याय मानले होते. १९१० मध्ये लिओनार्दो दा व्हिंचीच्या एका बालस्मृतीवरून त्याने त्याच्या कलेचा अर्थ लावला. त्या स्मृतीतील घार जर्मन भाषांतरात गिधाड झाली होती आणि फ्रॉइडने मातृदेवतेसंबंधीचे बरेचसे विवेचन त्या गिधाडावर उभारले होते. बालपणाच्या एका धाग्यावर कलेचा सारा भार टाकण्यातील धोका या उदाहरणाइतका दुसरीकडे क्वचितच स्पष्ट दिसतो.

फ्रॉइडपासून दुरावण्याच्या काळात युंग दिशाहीन झाला होता. मनात येईल ते करायचे, असे त्याने ठरविले, तेव्हा त्याला आठवले ते दहा-अकरा वर्षांच्या वयातील ठोकळ्यांचे खेळ. सदतीस-अडतीस वर्षांचा, प्रतिष्ठित, मुलाबाळांचा बाप असलेला हा वैद्य रोज दुपारच्या जेवणानंतर रुग्ण येईपर्यंत सरोवराकाठी दगड वेचून घरे आणि किल्ला बांधू लागला. त्याला याची लाज वाटत होती. बांधलेल्या चर्चमध्ये वेदी नव्हती. एके दिवशी काठावर चौकोनी पिरॅमिडच्या आकाराचा एक लाल दगड सापडला. तो वेदी म्हणून ठेवताच भूमीखालच्या त्या स्वप्नाची आठवण झाली. या खेळापाठोपाठ कल्पनाप्रतिमांचा लोंढा सुरू झाला, तो त्याने वह्यांत लिहून काढला आणि पुढे सचित्र ‘रेड बुक’मध्ये उतरविला. हा ग्रंथ २००९ पर्यंत अप्रकाशित राहिला.

१९२२ मध्ये झुरिक येथे काव्यावर व्याख्यान देताना युंगने फ्रॉइडच्या पद्धतीची मर्यादा दाखविली. आईवडिलांशी असलेले संबंध आणि दडपलेल्या इच्छा साऱ्यांनाच असतात; कवीलाही असतात आणि मनोरुग्णालाही. तेव्हा त्यांवरून कविता कविता का झाली, हे कळू शकत नाही. हा युक्तिवाद आजही बिनतोड आहे. मात्र युंगच्या लेखी बालपण गौण नव्हते. फ्रॉइडच्या दृष्टीने बालपण हे कारण. युंगच्या दृष्टीने ती एका प्रतिमेची पहिली भेट. पस्तिसाव्या वर्षी आर्लेसहाइमजवळ सापडलेल्या आत्मशिला आणि ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे चुरिंगा यांविषयी वाचताना त्याला आपला काळा दगड आठवला. ज्याने हे कधी वाचले नव्हते त्या मुलाने तसेच काही केले होते, यात त्याला सामूहिक नेणिवेचा पुरावा दिसला.

हा पुरावा कितपत ग्राह्य मानावा? बालपणाचा हा वृत्तांत युंगने १९५७ नंतर लिहिला. आत्मचरित्राची पहिली तीन प्रकरणे त्याची, पुढील बराचसा भाग आनिएला याफेने संभाषणांवरून सिद्ध केलेला. तोवर त्याचा सिद्धान्त पूर्ण झाला होता. एका तपशिलात सांधा उघडा राहिला आहे. बाहुला पस्तिसाव्या वर्षी लख्ख आठवला असे तो सांगतो आणि लगेच पुढे, १९२० मध्ये इंग्लंडात तशाच दोन आकृती कोरताना बालपणीच्या अनुभवाचे स्मरण मुळीच नव्हते, असेही सांगतो. (त्यांपैकी एकीला त्याने आत्मविक्तू असे नाव दिले. मराठी वाचकाला त्यात ‘आत्मन्’ ऐकू येईल. पण ध्वनिसाम्यावर फार काही उभारू नये.) स्मृती येते, बुडते, पुन्हा येते, आणि शेवटी लेखक तिला क्रम देतो. डॉनल्ड विनिकॉट या ब्रिटिश मनोविश्लेषकाने १९६४ मध्ये या ग्रंथाचे परीक्षण करताना आदिबंधांऐवजी आईच्या वियोगाने दुभंगलेले, बालवयातील स्किझोफ्रेनियाने ग्रासलेले आणि स्वबळावर सावरलेले मूल पाहिले. त्याचे निदान कठोर वाटते, पण पोटमाळ्यावर जाणाऱ्या मुलाचे दुःख त्याला दिसले, हे मान्य करावे लागते. युंगच्या विवेचनात दगड आणि बाहुला जगभरच्या दगडांशी व मूर्तींशी जोडले जातात. त्या गडबडीत रुग्णालयातील आई मागे पडते. बाहुल्याचा आकार आदिबंधाने दिला असे मानले, तरी त्या मुलाला तो कोरण्याची गरज का भासली, याचे उत्तर लाउफेनच्या घरातच शोधावे लागते.

बालपणाची साक्ष अशी एकट्या युंगची आहे. प्रौढपणाची साक्ष मात्र दगडात उभी आहे. १९२३ मध्ये, आईच्या मृत्यूनंतर, त्याने झुरिक सरोवराच्या वरच्या काठावर बोलिंगेन येथे गोल मनोरा बांधण्यास घेतला आणि १९५५ मध्ये पत्नी एमाच्या निधनानंतर वास्तूच्या मधल्या भागावर मजला चढविला. १९५० मध्ये बागेच्या भिंतीसाठी खाणीतून दगड मागविले, तेव्हा त्रिकोणी कोनशिलेऐवजी मोठा चौकोनी ठोकळा आला. गवंडी संतापला, तो परत धाडा म्हणाला. युंगने तो ठेवून घेतला. पंचाहत्तरीच्या त्या म्हाताऱ्याने छिन्नी घेतली आणि दगडाच्या एका बाजूवर डोक्यावरून डगला घेतलेला, हाती कंदील धरलेला एक छोटा पुरुष कोरला. तो ग्रीक वैद्यदेवतेचा सोबती टेलेस्फोरोस. पेन्सिलपेटीतल्या बाहुल्याची ओळख पटवितानाही युंगने हेच नाव वापरले आहे. हा दगड मात्र त्याने कोणत्याही पोटमाळ्यावर लपविला नाही; मनोऱ्याबाहेर, सरोवराच्या बाजूला, उघड्यावर बसविला.