आडॉल्फ विंडाउस

आडॉल्फ ओटो राइनहोल्ड विंडाउस (२५ डिसेंबर, १८७६:बर्लिन, जर्मनी - ९ जून, १९५९:ग्यॉटिंगेन, पश्चिम जर्मनी) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते. स्टेरॉलांची रचना व त्यांचा जीवनसत्त्वांशी असलेला संबंध यांवरील संशोधनासाठी त्यांना १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिक्षण व कारकीर्द

विंडाउस यांनी बर्लिन येथे वैद्यकाचा अभ्यास सुरू केला. परंतु एमिल फिशर यांच्या व्याख्यानांमुळे ते रसायनशास्त्राकडे वळले. फ्रायबुर्ग विद्यापीठात हाइनरिख किलियानी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डिजिटॅलिस वनस्पतीतील द्रव्यांवर प्रबंध लिहिला. १९१३ मध्ये ते इन्सब्रुक येथे प्राध्यापक झाले. १९१५ ते १९४४ या काळात ते ग्यॉटिंगेन विद्यापीठातील रसायनशास्त्र संस्थेचे प्रमुख होते. आडोल्फ बुटेनांट हे त्यांचे विद्यार्थी होत.

संशोधन

रोहिणीकाठिन्य झालेल्या महाधमनीत निरोगी महाधमनीपेक्षा कितीतरी अधिक कोलेस्टेरॉल असते, असे विंडाउस यांनी १९१० मध्ये दाखविले. कोलेस्टेरॉलाच्या रेणूची रचना ठरविण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे खर्ची घातली. नोबेल पारितोषिकाच्या वेळी मान्य असलेली रचना मात्र सदोष होती. क्ष-किरणांच्या साहाय्याने जॉन डेसमंड बर्नाल यांनी केलेल्या मोजमापांशी ती जुळेना. १९३२ मध्ये चार जोडवलयांची सुधारित रचना पुढे आली.

मुडदूस या रोगावर सूर्यप्रकाश गुणकारी का ठरतो, याचा उलगडा विंडाउस यांच्या कार्यामुळे झाला. यीस्टमधील एर्गोस्टेरॉलावर जंबुपार किरण पडल्यास ड जीवनसत्त्व तयार होते, असे १९२७ च्या सुमारास आढळले. पुढे त्यांनी कोलेस्टेरॉलापासून ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल तयार केले आणि १९३७ मध्ये हेच द्रव्य डुकराच्या त्वचेतून वेगळे काढण्यात आले. त्वचेतील या द्रव्यापासून सूर्यप्रकाशात ड३ जीवनसत्त्व बनते.

७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल हा मानवी शरीरातील कोलेस्टेरॉलनिर्मितीच्या एका मार्गावरील अखेरचा टप्पा आहे. त्याचे कोलेस्टेरॉलात रूपांतर करणारे विकर जन्मतः सदोष असल्यास स्मिथ-लेम्ली-ओपिट्झ लक्षणसमूह उद्भवतो. त्यात हे द्रव्य शरीरात साचते, कोलेस्टेरॉल कमी पडते आणि बालकाच्या शारीरिक व मानसिक वाढीत दोष राहतात. या रोगाचे हे कारण विंडाउस यांच्या मृत्यूनंतर, १९९३ मध्ये उघड झाले.

राजकीय भूमिका

पहिल्या महायुद्धात विषारी वायूंवर संशोधन करण्यास विंडाउस यांनी नकार दिला. नाझी राजवटीचा त्यांनी विरोध केला व आपल्या एका ज्यू विद्यार्थ्याला हकालपट्टीपासून वाचविले.