काळा म्हणजे किती काळा? – जेम्स क्लर्क मॅक्सवेल

मॅक्सवेल म्हटलं की आपल्याला आठवतात ती चार इक्वेशन्स. व्हायव्हाच्या आदल्या रात्री पाठ केलेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी विसरलेली. पण मित्रांनो, या लेखात ती चार इक्वेशन्स नाहीत (सुटकेचा नि:श्वास टाका!). माझा मॅक्सवेल वेगळा आहे. तो रंगीत भोवरा फिरवणारा माणूस आहे. आपल्या मोबाइलचा स्क्रीन, गॅदरिंगची एलईडी वॉल, घरातला टीव्ही हे सगळं लाल-हिरव्या-निळ्यावर चालतं, त्याच्या मुळाशी हा भोवरा आहे.

जेम्सचा जन्म १३ जून १८३१ ला एडिंबरामधल्या इंडिया स्ट्रीटवर, १४ नंबरच्या घरात झाला. बालपण मात्र गेलं ग्लेनलेअर नावाच्या खेड्यातल्या इस्टेटीवर. प्रत्येक वस्तू कशी चालते हे विचारून मोठ्यांना भंडावून सोडणारं पोर. आठ वर्षांचा असताना आई कॅन्सरने गेली. पुढे शहरातल्या शाळेत घातलं, तर तिथे गावठी बोली आणि घरी शिवलेले विचित्र कपडे बघून पोरांनी त्याला वेडपट ठरवून टाकलं. याच वेडपटाने चौदाव्या वर्षी अंडाकृती वक्रांवर पेपर लिहिला. रॉयल सोसायटी ऑफ एडिंबरामध्ये तो वाचायला एवढं लहान पोर कसं उभं करणार, म्हणून प्रोफेसर फोर्ब्ज यांनी त्याच्या वतीने वाचला.

याच फोर्ब्जसरांकडे रंगीत चकत्या फिरवायचं वेड त्याला लागलं. पुढे केंब्रिजला जाऊन १८५४ मध्ये गणिताच्या परीक्षेत मॅक्सवेल दुसरे आले (आपल्याकडे दुसऱ्या नंबरवाल्याला घरचे काय ऐकवतात ते सांगायला नको) आणि नंतर त्यांनी तो भोवरा पक्का केला. बाहेरच्या गोलात तीन रंगांचे कागद: शेंदरी, पाचूसारखा हिरवा आणि गडद निळा. आतल्या छोट्या गोलात फक्त काळा आणि पांढरा. कागदांना चीर दिलेली, त्यामुळे एकावर एक सरकवून कोण किती दिसेल ते कमी-जास्त करता यायचं. कडेला शंभर भागांची पट्टी. भोवरा जोरात फिरवला की बाहेरचे तीन रंग मिसळून राखाडी दिसतात आणि आतले काळा-पांढरा मिसळूनही राखाडी. दोन्ही राखाडी अगदी सारखे दिसेपर्यंत कागद सरकवत बसायचं आणि मग आकडे वाचायचे. एका जुळणीत शेंदरी ३७, निळा २७, हिरवा ३६ आणि समोर पांढरा २८, काळा ७२ असं आलं. रंगाचं चक्क इक्वेशन! १८५५ मध्ये हे त्यांनी प्रसिद्ध केलं तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. म्हणजे आपल्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठे, जाऊ दे.

मला यात सगळ्यात भारी वाटतो तो काळा ७२. आपण काळा म्हणजे काहीच नाही असं धरून चालतो. मॅक्सवेलनी काळ्याला मोजलं. रंग कुठला, तो किती गडद की फिका आणि त्याचा उजेड किती, या तीन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. डोळ्याला हे तिन्ही एकदम दिसतं, म्हणून गोंधळ होतो.

असाच गोंधळ यंदा आमच्या गॅदरिंगला झाला. व्हिडिओ डेस्कवर मी होते आणि रंगीत तालमीतच रंग नव्हते! जत्रेच्या ग्रुप डान्समागे चालणाऱ्या क्लिपमध्ये रात्रीचं आभाळ राखेसारखं आणि भंडारा वरणासारखा फिका. एलईडी वॉलवाले काका म्हणाले कॉन्ट्रास्ट वाढवतो, सिनियर दादा म्हणाला सॅच्युरेशन ओढ. मी म्हटलं आधी काळा बघू. त्याच प्लेबॅक सॉफ्टवेअरमधून कॉलेजच्या लोगोचं चित्र टाकलं, तर त्यातला काळा कोळशासारखा आणि पांढरा स्वच्छ. म्हणजे वॉल, केबल, लॅपटॉपचं आउटपुट सगळं ठीक. भानगड फक्त क्लिपमध्ये. वॉलचा कॉन्ट्रास्ट वाढवला असता तर लोगो आणि लाइव्ह कॅमेरा, जे चांगले दिसत होते, तेही बिघडले असते.

कारण असं, की आठ बिटच्या व्हिडिओत साधारणपणे काळा ० नसतो, १६ असतो. आणि पांढरा २५५ नसतो, २३५ असतो. कॉम्प्युटरच्या चित्रात मात्र ० ते २५५. प्लेबॅक करणाऱ्याने प्रत्येक आकड्यातून १६ वजा करून उरलेल्या २१९ पायऱ्या २५५ वर ताणायच्या असतात. पण फाइलवरचं लेबल जर सांगत असेल की हा माल ० ते २५५ चाच आहे, तर सॉफ्टवेअर ताणत नाही. मग १६ हा १६ म्हणूनच दिसतो, म्हणजे राखाडी, आणि पांढरा मळका. सगळं चित्र जणू डिटर्जंटमध्ये भिजवलेलं. क्लिपच्या सेटिंगमध्ये रेंज हाताने लिमिटेड केली आणि आभाळ काळं झालं. भंडाराही झाला पिवळाधमक, सॅच्युरेशनला हात न लावता. (दुसरी एक क्लिप तरी फिकीच राहिली. ती फोनवर एचडीआरमध्ये शूट केलेली होती, तिला साध्या व्हिडिओत बदलून परत एक्सपोर्ट करावं लागलं. त्यात आमचं जेवण राहिलं.)

असो. परत मॅक्सवेलकडे येऊ. १८५६ मध्ये वडील गेले, त्याच वर्षी ते ॲबर्डीनला प्रोफेसर झाले. तिथल्या प्रिन्सिपॉलच्या मुलीशी, कॅथरीन ड्यूअरशी, १८५८ मध्ये लग्न झालं. १८६० मध्ये दोन कॉलेजं एकत्र केली आणि जावयाचीच नोकरी गेली! मग लंडनचं किंग्ज कॉलेज. लंडनच्या घरात माळ्यावर एक लांबच लांब लाकडी पेटी होती, तिच्यात सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून परत मिसळायचे. हा गृहस्थ तासन् तास शवपेटीत डोकावतो, असं शेजाऱ्यांना वाटे. त्या पेटीत डोकावणारी दुसरी व्यक्ती म्हणजे कॅथरीन. पेपरात दोघांचे आकडे जे आणि के नावाने वेगवेगळे दिलेत आणि हिरव्या-निळ्याच्या मधल्या पट्ट्यात ते जुळत नाहीत. मॅक्सवेलनी बायकोचे आकडे चुकीचे ठरवले नाहीत. डोळेच वेगळे आहेत, असं मानून दोन्ही छापले. मला हा माणूस इथे आवडला.

१७ मे १८६१. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचा लाइव्ह शो होता. थॉमस सटन या फोटोग्राफरने चौकड्याच्या रंगीत रिबिनीचे लाल, हिरव्या आणि निळ्या द्रावणातून वेगवेगळे फोटो काढले होते. तीन कंदिलांतून त्याच रंगांच्या उजेडात ते पडद्यावर एकावर एक पाडले आणि रिबीन रंगीत दिसली. जगातला पहिला रंगीत फोटो म्हणून हाच सांगतात. चित्र मात्र पूर्ण खुललं नव्हतं. लाल आणि हिरवा भाग निळ्याइतका नीट उतरला नाही, हे मॅक्सवेलनी तिथेच मान्य केलं. निळ्याला एक्स्पोजर ६ सेकंद पुरलं होतं, लालला ८ मिनिटं द्यावं लागलं.

खरी गंमत पुढे आहे. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नव्हता! मग लालचा फोटो आला कुठून? हे कोडं सुटलं थेट १९६१ मध्ये. कोडॅकच्या राल्फ इव्हान्स आणि मंडळींनी प्रयोग परत करून बघितला, तेव्हा कळलं की लाल द्रावणातून थोडा अल्ट्राव्हायोलेट निसटतो आणि कपड्याचा लाल रंग अल्ट्राव्हायोलेटही परावर्तित करतो. प्लेटीने तेच टिपलं होतं. म्हणजे थिअरी बरोबर, चित्र बरोबर, पण दोघांच्या मधला रस्ता भलताच. शोमध्ये चित्र बरं दिसलं म्हणजे चेन बरोबर आहे असं कुणी म्हणालं की मला हल्ली ही रिबीन आठवते.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. चार इक्वेशन्सचा ग्रंथ १८७३ चा, केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा १८७४ ला सुरू झाली, तिचे पहिले प्रोफेसर तेच. कॅथरीन आजारी असायची, तेव्हा रात्र रात्र उशाशी बसून ते काम करत. मग आईला ज्या आजाराने नेलं त्याच पोटाच्या कॅन्सरने ५ नोव्हेंबर १८७९ ला तेही गेले, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

त्या रिबिनीच्या काचा अजून आहेत. इंडिया स्ट्रीटवरच्या १४ नंबरच्या घरातच आता छोटं म्युझियम आहे, तिथे त्या ठेवल्यात. काचांवर रंग अजिबात नाही, नुसता काळा-पांढरा.